विसार : एका बाजारी शब्दाची कुळकथा

सौदा ठरताच घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या हाती ठेवलेली आगाऊ रक्कम म्हणजे विसार. बैलाचा व्यवहार असो की शेताचा, तो विसाराने पक्का होतो. धुळे-जळगावकडे आजही जमिनीच्या व्यवहारात खरेदीखतापूर्वी विसारपावती लिहिली जाते. मराठी ख्रिस्ती माणसाची ‘तारणाची खात्री’ याच शब्दावर उभी आहे.

या कल्पनेचे बायबलमधील मूळ ‘एराबोन’ या हिब्रू शब्दात सापडते. ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायात यहूदा कबूल केलेले करडू पाठवीपर्यंत आपली मुद्रा, गोफ व काठी तामारेजवळ ठेवतो, ते एराबोन, म्हणजे गहाण होय. हाच सेमिटिक शब्द व्यापाराबरोबर ग्रीक भाषेत जाऊन ‘अर्राबोन’ झाला आणि त्याला नवा अर्थ आला. कारण गहाण वस्तू पुढे परत घ्यायची असते, तर अर्राबोन हा ठरलेल्या किमतीचाच पहिला भाग असतो. प्रेषित पौलाने आपल्या पत्रांत तो तीनदा, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दोनदा व इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात एकदा, पवित्र आत्म्याला उद्देशून योजला. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘विसार’ आला आणि त्याने ज्याची हमी दिली त्या वारशाला ‘वतन’ हा शब्द मिळाला.

‘तारण’ हा शब्दही असाच दुपेडी आहे. ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे या संस्कृत धातूपासून आलेला हा शब्द उद्धार सांगतो, आणि पतसंस्थेच्या पाटीवर ‘सोनेतारण कर्ज’ असा कर्जाची हमीही सांगतो. मात्र कर्जाचे तारण कर्ज घेणारा ठेवतो, तर विसार पुढे पूर्ण मोल देणारा देतो, आणि आत्म्याचा विसार देणारा देव आहे. म्हणून ख्रिस्ती खात्री भक्ताच्या पुण्याईवर किंवा मनाच्या उभारीवर टिकत नाही, ती देणाऱ्या देवाच्या शब्दावर टिकते.

१८९९-१९००च्या भीषण दुष्काळानंतर, विसाव्या शतकाच्या आरंभी, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन या ख्रिस्ती मिशनचे लोक पश्चिम खानदेशात, म्हणजे खानदेशाच्या १९०६च्या विभाजनानंतर धुळे हे ठाणे असलेल्या जिल्ह्यात, भिल्ल व मावची वस्त्यांत काम करू लागले. सावकारी आणि अवर्षण जिथे नित्याचे होते, तिथे विसाराचा अर्थ कोणाला शिकवावा लागला नसावा. पौलही ज्या उताऱ्यात विसार सांगतो, त्यातच देहरूपी तंबूत कण्हणाऱ्या माणसाविषयी बोलतो. दुःख तो नाकारत नाही. विसार आणि खरेदीखत यांच्यामध्ये वाट पाहण्याचे दिवस असतातच, आणि त्या दिवसांत पाऊस लांबला, घरात आजारपण आले, तरी हाती पडलेला विसार खोटा ठरत नाही. ख्रिस्ती आशा ती हीच.