बंबाला डाख कीं मोड?

खानदेशचा उन्हाळा सर्वांस ठाऊक आहे; परंतु सातपुड्याकडे तोंड करून बसलेल्या सावद्यास पौषांतील पहाट कशी बोंचते, हें बाहेरच्यांस सांगावें लागतें. अशा पहाटे न्हाणीघरांतला तांब्याचा बंब गळूं लागला कीं घरांत ठरलेला वाद उभा राहतो : तांबटाकडून डाख लावून घ्यावा, कीं बंब मोडींत घालावा?

मातीच्या चुलीपुढें हा वाद कधीं उद्भवलाच नाहीं. चूल तडकली तर घरच्या बाईनें माती भिजवावी, भेग बुजवावी, वरून शेणाचा हात फिरवावा; वैल ढासळला तर दुसरा घालावा. दुरुस्ती कोठें संपली आणि नवी चूल कोठें सुरू झाली, हें तिलाहि सांगतां आलें नसतें. सरपण शेतांतलेंच, कपाशीच्या पऱ्हाट्या नाहीं तर तुराट्या. (भरिताचीं वांगीं पऱ्हाट्यांवरच भाजावीं हा येथील आग्रह अद्याप सुटलेला नाहीं, व तो रास्तच आहे.) या सर्वांस रोख पैसा लागत नसे, म्हणून घरच्या जमाखर्चांत चूल कधीं आलीच नाहीं, बाईचे श्रमहि आले नाहींत.

बंब मात्र विकत घ्यावा लागतो. त्याच्या मधल्या नळींत निखारे आणि भोंवतीं पाणी, अशी ही साधी योजना. विहिरीच्या जड पाण्याचा क्षार नळीवर थरानें बसतो, राखेनें खालचा पत्रा खातो आणि सांधा उकलतो. पाणी भरण्याचें विसरून विस्तव घातला तर लावलेला डाखहि वितळून जातो. सांधा गेला असेल तर डाख लावणें शहाणपणाचें. पत्राच विरला असेल तर एक भोंक बुजवावें तों शेजारीं दुसरें पडतें. त्यांतहि तांब्याला मोड येते. जुन्याचें वजन नव्याच्या किंमतींत वळतें होतें, आणि घरचा कर्ता पुरुष त्या हिशेबावर निर्धास्तपणें निर्णय देतो.

१८९२ सालीं स्वीडनमध्यें लिंडक्विस्ट यानें प्राइमस स्टोव्ह काढला. पुढें तो आपल्या स्वयंपाकघरांत शिरला आणि दुरुस्ती बाईच्या हातून बाजारांत गेली. पिन मारणें तेवढें तिच्याकडे उरलें. वायसर, बर्नर यांसाठीं कारागीर गांठावा लागे.

डिसेंबर १९३६ मध्यें सावद्यालगतच्या फैजपुरास राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें, खेड्यांत भरलेलें पहिलेंच. ग्रामोद्योगांचें प्रदर्शनहि तेथें होतें. ज्या ग्रामोद्योग संघानें या उद्योगांची चळवळ हातीं घेतली होती, त्याच्या वर्ध्याच्या मगनवाडींत पुढें 'मगन चूल' निघाली. ती धूर नळीवाटे बाहेर काढी. १९८० नंतरच्या दशकांत सरकारनेंहि सुधारलेल्या चुली देशभर वांटल्या. त्यांपैकीं पुष्कळ थोड्याच वर्षांत निकामी झाल्या. काजळीनें नळी कोंदली, चूल फुटली. नीट करण्याची विद्या मात्र चुलीबरोबर घरांत आली नव्हती. बाईनें ती बाजूस सारून पुन्हा मातीची घातली. तिला अडाणी म्हणणाऱ्यांनीं एवढें पाहावयास हवें होतें कीं, जी आपल्या हातानें नीट करतां येते तीच चूल तिला भरंवशाची वाटत होती.

या भरंवशाची किंमतहि तीच देत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें २०२० सालीं घरांतील धुरामुळें जगांत सुमारें ३२ लाख मृत्यू झाले. सारवून पुन्हा उभी केलेली चूल फुकट दिसे, कारण तो धूर कोणी मोजीत नव्हतें.

२०१६ सालच्या उज्ज्वला योजनेनें गरीब घरांतून गॅस पोंचविला, तरी सिलिंडर परवडला नाहीं कीं ओट्याखालची किंवा अंगणांतली चूल पुन्हा पेटते. बंबाच्या वादांतहि भोंक किती मोठें, तांबें किती वजनाचें, हें सारें विचारलें जातें. पहाटे उठून त्यांत विस्तव कोण घालतें, हें सहसा विचारलें जात नाहीं.