जागतिक प्रदर्शने आणि सुरतेचा कारागीर

एकोणिसाव्या शतकातील जागतिक प्रदर्शनांचा इतिहास प्रामुख्याने यंत्रे, भव्य इमारती आणि साम्राज्यांचे वैभव यांच्या अंगाने सांगितला जातो. त्यांत मांडलेल्या वस्तू ज्यांच्या हातून घडल्या त्यांचा शोध घेतल्यास निराळे चित्र समोर येते. सुरतेची कारागिरी हे त्याचे बोलके उदाहरण होय.

मुघलकाळात सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरील प्रमुख बंदर होते. हज यात्रेकरूंची जहाजे येथूनच सुटत, म्हणून तिला 'बाब-उल-मक्का' म्हणत. व्यापाराच्या आधाराने येथे जर, किनखाब, मशरू आणि लाकडावरील सादेली जडावकाम हे उद्योग वाढले. मशरू म्हणजे शरीअतला मान्य असलेले. मुस्लिम पुरुषांनी निव्वळ रेशीम अंगास लावू नये, या दंडकामुळे वर रेशीम व आत सूत अशी या कापडाची वीण असते. धार्मिक मर्यादेतून तांत्रिक कौशल्य कसे घडते, हे त्यातून दिसते.

1 मे 1851 रोजी लंडनच्या हाइड पार्कमधील काचेच्या महालात पहिले मोठे जागतिक प्रदर्शन भरले. सुमारे 60 लाख लोकांनी त्यास भेट दिली. भारतीय वस्तू ईस्ट इंडिया कंपनीने जमविल्या होत्या. त्यांतील रंगसंगती व नक्षी यांची युरोपीय कलासमीक्षकांनी स्तुती केली. तथापि स्तुतीपाठोपाठ व्यापारी हिशेबही आला. फोर्ब्स वॉटसन यांनी 1866 साली भारतीय कापडाचे 700 नमुने 18 खंडांत संकलित केले. अशा 20 संचांपैकी 13 ब्रिटनमध्ये ठेवले गेले. भारतीय ग्राहकांची आवड ब्रिटिश गिरणीमालकांना कळावी, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. अशा रीतीने विणकराची कला त्याच्याच प्रतिस्पर्ध्याचे पाठ्यपुस्तक ठरली.

नावांच्या बाबतीतही असेच घडले. सादेली कला इराणातील शिराझहून सिंधमार्गे सुरतेस व तेथून मुंबईस आली, असे सांगितले जाते. परंतु युरोपच्या बाजारात या पेट्या 'बॉम्बे बॉक्स' म्हणून ओळखल्या गेल्या. सुरतेचे नाव मागे पडले, मग कारागिराचे कोठून राहणार? 1886 च्या लंडन प्रदर्शनात तर भारतीय कारागिरांनाच प्रेक्षकांसमोर कामास बसविण्यात आले. त्यांपैकी अनेकांनी आपली कला आग्रा येथील तुरुंगात शिकलेली होती.

या प्रदर्शनांचा दुसरा वारसा म्हणजे संग्रहालये. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी वस्तू जमविताना मुंबईत जो संग्रह उभा राहिला, त्यातून आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय घडले. सुरतेतही 1890 मध्ये विंचेस्टर संग्रहालय स्थापन झाले. तेच आज सरदार वल्लभभाई पटेल संग्रहालय म्हणून ओळखले जाते. प्रदर्शने काही महिन्यांत संपली, पण संग्रहालयांमुळे काही वस्तू वाचल्या व अभ्यासास उपलब्ध राहिल्या, हे मान्य केले पाहिजे.

सुरतेत जरीचे काम आजही चालते. इतिहासाच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयातील वस्तूंबरोबरच जिवंत कारखान्यांकडेही न्यावे, कारागिरांची नावे, अवजारे व कामाचे शब्द लिहून घेण्यास सांगावे. सूचीकारांनी जी जागा रिकामी ठेवली, ती भरण्याचे काम महाविद्यालयाच्या पातळीवरही होऊ शकते.