काकांचं रिव्हॉल्व्हर आणि तो बाण

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी खालच्या मजल्यावरचे काका मोबाईल हातात घेऊन वर आले. देहूरोडचं त्यांचं जुनं घर रिकामं करणं चालू होतं. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक रिव्हॉल्व्हर निघालं. "तू जुन्या गोष्टींचं वाचत असतोस ना, बघ बरं कितीला जाईल?"

घरातली कथा अशी: हे १८५७ च्या बंडातलं, आणि एका गोऱ्या साहेबाने देश सोडताना ते आजोबांना भेट दिलं. काकांच्या धाकट्या भावाने नेटवर वाचलं होतं की व्हॅन गॉगने ज्याने स्वतःवर गोळी झाडली असं मानतात, ते गंजून गेलेलं रिव्हॉल्व्हर २०१९ साली पॅरिसच्या लिलावात १,६२,५०० युरोला गेलं. झालं! भावाभावांत हिश्श्याची बोलणी सुरू.

मी म्हटलं, काका, वस्तूला आता अजिबात हात लावू नका, जे काय ते फोटोंवरून पाहू.

आधी १८५७ चा निकाल. त्या काळात इंग्रज अधिकारी स्वखर्चाने अ‍ॅडम्स किंवा कोल्ट बाळगत. पण ती रिव्हॉल्व्हरं टोपीची. सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून दारू आणि गोळी ठासायची, मागे बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची. काकांच्या फोटोत मात्र सिलिंडरची घरं आरपार होती, म्हणजे पितळी काडतुसाचं हत्यार. शिवाय ते वरून मोडून उघडणारं. उघडलं की सहाही रिकामी टोपणं एकदम वर उचलली जातात. ही सगळी नंतरची करामत. १८५७ बाद.

मग नाव. चौकटीवर वेब्ली, वरच्या पट्टीवर 'मार्क सहा' आणि साल १९१७. बर्मिंगहॅमच्या वेब्लीचं .४५५ बोअरचं रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने १८८७ साली घेतलं, तो मार्क एक. मार्क सहा आला १९१५ मध्ये, ऐन महायुद्धात. नळी सहा इंची, आणि मूठ खाली चौकोनी. आधीच्या मार्कांची मूठ पोपटाच्या चोचीसारखी वळलेली असते. आकारावरूनच निम्मं काम होतं. युद्धात ही सुमारे तीन लाख बनली, त्यामुळे 'दुर्मिळ' हा शब्दही गेला.

संग्राहक पुढे काय पाहतो? चौकटीवरचा नंबर आणि सिलिंडरवरचा नंबर एकच आहे का (इथे होता). मूळचा निळसर काळा मुलामा किती उरलाय. हौसेने निकेल चढवलेलं किंवा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेलं हत्यार घरात छान दिसतं, पण संग्राहक तोंड फिरवतो. आणि शेवटी, पण सगळ्यात जास्त पैशाचं: ते कोणाकडे होतं, आणि त्याचा कागद आहे का.

याचं माझं आवडतं उदाहरण व्हॅन गॉगचं नाही. तळेगाव-चाकण रस्त्याने पुढे गेलं की राजगुरुनगर लागतं, जुनं खेड. तिथल्या शिवराम हरी राजगुरूंनी १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरात साँडर्सवर पहिली गोळी झाडली, पाठोपाठ भगतसिंगांनी. भगतसिंगांचं .३२ चं कोल्ट पिस्तूल पुढे कित्येक वर्षं इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात इतर हत्यारांबरोबर पडून होतं. गंज लागू नये म्हणून त्याला काळा रंग फासलेला. २०१६ मध्ये तो खरवडला तेव्हा खालून नंबर निघाला, १६८८९६. खटल्याच्या कागदांत तोच नंबर होता. लोखंड तेच, बदललं काय? एक नंबर वाचला गेला!

तर काकांच्या साहेबाचा कागद? एकही नाही. लायसन्स नाही, चिठ्ठी नाही, साहेबाचं नावसुद्धा नाही. उलट मोठा करून पाहिलेल्या फोटोत एक छोटीशी खूण दिसली आणि मी जरा गप्प झालो. तीन रेघांचा बाण. ही ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण. सरकारने माल रीतसर विकला की त्या बाणासमोर टोकाला टोक लावून दुसरा बाण ठोकायची पद्धत होती. इथे एकच बाण. साहेबाने स्वतःच्या पैशाने घेतलेलं हत्यार असतं तर बाणाचं कारण नव्हतं. आणि आजोबा लढाईच्या काळात लष्करी डेपोत कारकून होते.

खूण नाही म्हणजे चोरी सिद्ध झाली असं नव्हे, दुसरा बाण प्रत्येक वेळी ठोकलाच असेल असंही नाही. हे मी काकांना दोनदा सांगितलं. पण ते बराच वेळ फोटोच बघत राहिले. चहा तसाच निवला.

किंमतीचा प्रश्न कायद्याने सोडवला. आपल्याकडे खाजगी आयात १९८० च्या दशकात बंद झाल्यापासून लायसन्सवाले जुन्या विलायती .३२ वेब्लीला भरपूर पैसे मोजतात. .४५५ चं तसं नाही. १९६२ च्या शस्त्र नियमांत .३८० आणि .४५५ ची काडतुसं झाडू शकणारी रिव्हॉल्व्हरं प्रतिबंधित यादीत घातली, कारण ते सैन्याचं बोअर. (कानपूरचं सरकारी रिव्हॉल्व्हर .३२ चं का, तेही यातून कळतं.) शंभर वर्षं जुनं म्हणून सूट मिळेल का? १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्यापुराण्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्ती करूनही चालू शकणार नाही अशांनाच. हे तर तेल घातलं तर चालेल. विनापरवाना प्रतिबंधित हत्याराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आहेत. वर परदेशी लिलाव स्वप्नातच, कारण शंभरी ओलांडलेली पुराण वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

धाकट्या भावाने फोनवर विचारलं, "तो बाण घासून काढला तर?" म्हटलं, खुणा घासणं हा वेगळा गुन्हा, आणि घासलेल्या हत्याराला संग्राहकही विचारत नाही.

सोमवारी मी सुट्टी टाकली. काका, मी आणि एक वकील असे पोलीस ठाण्यात गेलो. जबाबात 'कसे मिळाले' या रकान्यापाशी हवालदार थांबले आणि काकांकडे पाहू लागले. काका म्हणाले, "वडिलोपार्जित ट्रंकेत सापडलं, एवढंच लिहा." साहेबाचं नाव त्यांनी काढलं नाही.