साखरेच्या वाटा



हळर्ण म्हटले की इतिहासाच्या वाचकाला शापोरा नदीकाठचा किल्ला आठवतो. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय मार्क्विस द कास्तेल नोव्हू याने तो जिंकला आणि पुढे या गावाच्याच नावाने ‘मार्क्विस द आलोर्न’ ही पदवी धारण केली. तो इतिहास आपणांस परिचित आहे. आज मी ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, त्याचे साक्षीदार आपल्या शेतांत आणि कुळागरांत उभे आहेत. वनस्पती आपल्या देहातील साखर कशी मोडते आणि मनुष्याला ते कसे उमगले, हा तो इतिहास होय.

साखर मोडते हे आपल्या पूर्वजांना प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते. माडावरून उतरविलेली गोड सूर काही तासांत आंबते, काजूच्या बोंडांचा नीरो फसफसू लागतो, आणि याच सुरेने पोदेर पिठाला फुगवीत असे. हे काम यीस्ट या सूक्ष्म जीवाचे आहे, असे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चरने दाखविले. १८९७ मध्ये बुखनरने एक पाऊल पुढे टाकले. यीस्टच्या पेशी चिरडून काढलेला रसही साखर आंबवितो, म्हणजे हे कार्य पेशीतील विकरांचे आहे, हे त्याने सिद्ध केले. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे एम्ब्डेन, मायरहोफ, पार्नास आदी संशोधकांनी एकेक पायरी शोधली. सहा कार्बनांचे ग्लुकोज फुटून तीन कार्बनांच्या पायरुव्हिक अम्लाचे दोन रेणू होतात. पुढे १९३७ मध्ये क्रेब्झने मांडलेल्या चक्रात त्यांचा उरलेला कार्बन कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो.

तथापि हे संशोधन मुख्यतः यीस्ट आणि प्राण्यांचे स्नायू यांवर झाले होते. वनस्पती श्वसन करतात हे अठराव्या शतकापासून माहीत होते. परंतु त्या श्वसनामागील यंत्रणा प्राण्यांसारखीच असेल, असे नुसते गृहीत धरून शास्त्र पुढे जात नाही. तेथे पुरावा लागतो. हा पुरावा गोळा करणाऱ्यांत एक मराठी स्त्री होती, हे आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते.

कमला भागवत, म्हणजेच पुढच्या डॉ. कमला सोहोनी, या लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे प्रवेश मागितला. केवळ त्या स्त्री आहेत म्हणून संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो नाकारला. कमलाबाईंनी नकार मानला नाही. अखेर वर्षभर काम पारखून घेण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले, आणि त्यांचे काम पाहून संस्थेने इतर स्त्रियांनाही दार उघडले. पुढे केंब्रिजमध्ये रॉबिन हिल यांच्यासमवेत त्यांनी बटाट्यावर काम केले. वनस्पतींच्या ऊतींतही सायटोक्रोम सी हे प्रथिन असून श्वसनात त्याचा वाटा आहे, असे त्यांना आढळले. फुलझाडांतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराविषयी दोघांचे टिपण १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. साखरेपासून निघालेले इलेक्ट्रॉन प्राणवायूपर्यंत पोहोचविणाऱ्या साखळीचे हे दुवे आहेत. त्याच वर्षी कमलाबाईंना डॉक्टरेट मिळाली. प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता.

यानंतर वनस्पतींनी संशोधकांना आणखी एक धडा दिला. साखर मोडण्याची वाट एकच नाही. पेंटोज फॉस्फेट मार्ग या दुसऱ्या वाटेत ग्लुकोजचा पहिलाच कार्बन आधी सुटतो, आणि मेद घडविण्यास लागणारे क्षपणकारी बळ व न्यूक्लिक अम्लांसाठी पाच कार्बनांची साखर मिळते. १९५० नंतरच्या काही वर्षांत बीव्हर्स आणि गिब्ज यांनी किरणोत्सर्गी कार्बनाची खूण केलेले ग्लुकोज वनस्पतींना दिले. मक्याच्या मुळाच्या कोवळ्या टोकातून पहिला आणि सहावा कार्बन जवळजवळ सारख्याच वेगाने बाहेर पडले. जुन्या भागांतून मात्र पहिला कार्बन अधिक आला. म्हणजे एकाच मुळात, ऊतीच्या वयाप्रमाणे, दोन्ही वाटांचे प्रमाण बदलते.

आपल्या परिसरातही याचे दाखले आहेत. सुरणाचे फूल उमलताना उष्ण होते, कारण त्या वेळी त्याचे श्वसन नेहमीच्या साखळीस बगल देणाऱ्या विकराकडे वळते आणि ऊर्जा साठण्याऐवजी उष्णता होऊन बाहेर पडते. याउलट पाण्याखाली बुडालेल्या भाताच्या रोपाला प्राणवायू मिळत नाही. तेव्हा ते यीस्टप्रमाणे साखरेपासून अल्कोहोल बनविते. एरवी एका ग्लुकोजमागे तीसच्या आसपास मिळणारे एटीपीचे रेणू येथे दोनच मिळतात. पण तेवढ्या तुटपुंज्या मिळकतीवर भाताचा कोंब पाण्यातून वर येण्याची धडपड करतो. पावसाळ्यात खाजनात आणि मरडातही ज्याने भात लावला आहे, त्याला ही धडपड नवीन नाही. तिचे कारण मात्र शास्त्राने अलीकडे सांगितले.

कमलाबाईंचे पुढील कार्यही आपल्या मातीच्या जवळचे होते. स्वदेशी परतून मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्यांवर, तसेच डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून नीरेवर काम केले; त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. न आंबलेला ताडामाडांचा हा रस कुपोषित मुलांच्या व मातांच्या आहारास उपयोगी ठरतो, असे त्यांनी दाखविले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, त्यांचे आयुष्य मुलांना शाळेच्या दारापर्यंत आणण्यात गेले. म्हणून एकच गोष्ट सांगून मी थांबतो. १९३३ साली ते एक दार बंदच राहिले असते, तर बटाट्यातील सायटोक्रोम कदाचित दुसऱ्या कोणी शोधले असते. परंतु त्या दारातून मागाहून ज्या मुली आत गेल्या, त्यांचे काय झाले असते, याचा हिशेब कोणीच देऊ शकत नाही. माडावर चढणाऱ्या रेंदेराची वा खाजनात राबणाऱ्या कुटुंबाची मुलगी उद्या सूर का आंबते हे विचारील, तेव्हा तिला उत्तर द्यावे आणि पुढचा प्रश्न विचारण्याची मुभाही द्यावी, एवढीच आपणा सर्वांस विनंती करतो.