नळवाहिनीतील अवरोध (घरगुती)

घरात पाणी आणणाऱ्या पाइपातील प्रवाह बर्फ, क्षार, गंज वा हवा यांमुळे अडणे. कारण व जागा शोधणे म्हणजे त्याचे निदान.

पाणी ०° से. ला गोठताना त्याचे घनफळ सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बर्फ व बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढून पाइप फुटतो. म्हणून फूट बर्फाच्याच जागी असते असे नाही. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांच्या ‘चिल्लई कलान’मध्ये आणि लडाखमध्ये हे नित्याचे आहे. महाराष्ट्रात महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते तेवढेच. येथे अवरोध होतो तो कठीण पाण्याच्या क्षारथराने (पहा : पाण्याचा कठीणपणा) किंवा जुन्या लोखंडी पाइपातील गंजाने.

शेजारीही पाणी नसेल, तर दोष बाहेरच्या वाहिनीत. एकच तोटी कोरडी असल्यास आधी तिची जाळी काढून पाहतात; बहुधा वाळू वा क्षाराचे खडे निघतात. धार महिनोन्महिने बारीक होत गेली असेल तर क्षार किंवा गंज, फुरफुरत तुटक येत असेल तर हवा, कडक थंडीच्या रात्रीनंतर एकाएकी थांबली तर बर्फ. उघड्यावरच्या पाइपावर हिमाचा पांढरा थर दिसतो. तोटी उघडी ठेवून, तिच्याकडून अडथळ्याकडे सरकत, गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकतात. ज्योत वापरत नाहीत.

फूट बर्फ वितळल्यावरच उघड होते. सर्व तोट्या बंद असूनही जलमापक फिरत असल्यास गळती आहे (पहा : जलमापक).