मनाचें औषध आणि शरीराची वाट

घोड नदीवरील धरणामुळें आंबेगांव तालुक्यांतील डिंभ्याचें नांव दूरवर पोंचलें आहे. त्या परिसरांतील एखाद्या वृद्धाची कल्पना करूं. रक्तदाबाची गोळी तो घोडेगांवाहून आणतो. पुढें मन बिघडलें म्हणून आप्त त्याला पुण्यास नेतात आणि तेथें दुसरी गोळी सुरू होते. शरीर एकच, पण कागद दोन, आणि एका डॉक्टरानें दुसऱ्याचा कागद पाहिलेला नाहीं. हा प्रसंग पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतही येतो. श्रोतेहो, या दोन कागदांची गांठ कां घातली पाहिजे, हें वैद्यकाच्या इतिहासानें मोठी किंमत देऊन शिकविलें आहे.

सर्पगंधा ही आपल्या देशांतील जुनी वनस्पति. 1931 सालीं कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवरील औषध म्हणून तिची माहिती प्रसिद्ध केली. 1949 सालीं मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें रक्तदाबाच्या 50 रोग्यांवरील अनुभव मांडला, आणि जगाचें लक्ष या मुळीकडे वळलें. 1952 सालीं स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं तींतून रेसर्पीन हें द्रव्य वेगळें केलें. लौकरच अमेरिकेंत तें मनोरुग्णांनाही देऊं लागले. परंतु रक्तदाबासाठीं तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांना खोल उदासीनता आल्याचीं वृत्तें येऊं लागलीं. त्यांत दोष औषधाचा किती, हा वाद पुढें चालू राहिला. तथापि रक्तवाहिन्यांसाठीं घेतलेली गोळी मेंदूच्या दाराशीं थांबत नाहीं, एवढें वैद्यांच्या ध्यानीं आलें.

उलट बाजूचा धडा 1949 सालींच मिळाला. हृदयविकाराच्या रोग्यांना मीठ वर्ज्य असे. अमेरिकेंत त्यांच्यासाठीं मिठाऐवजीं लिथियमचा क्षार विकला जाई. कित्येकांना विषबाधा झाली, कांहीं दगावले, आणि तो क्षार बाजारांतून काढावा लागला. त्याच वर्षीं ऑस्ट्रेलियांत जॉन केड यांनीं उन्मादाच्या रोग्यांवर लिथियमचा गुण दाखवून दिला. एकच द्रव्य एकाच वर्षीं विषही ठरलें आणि औषधही!

याचें कारण मूत्रपिंडांत आहे. लिथियम बहुतेक सर्व मूत्रावाटेंच बाहेर पडतें. शरीरांत मीठ वा पाणी कमी पडलें, कीं मूत्रपिंड मिठाबरोबर लिथियमही राखून ठेवितें आणि रक्तांतील त्याचें प्रमाण चढतें. म्हणून हें औषध देतांना वेळोवेळीं रक्त तपासतात. मूत्रपिंड व थायरॉईड ग्रंथि यांच्यावरही लक्ष ठेवितात. रक्तदाबासाठीं दिलेली लघवी वाढविणारी गोळी, किंवा सांधेदुखीवर परस्पर आणलेली आयबुप्रोफेनची गोळी तें प्रमाण वाढवूं शकते. उन्हाळ्यांत डिंभ्याच्या रानांत हिरडा वेंचणारा रोगी घामानें वा जुलाबांनीं थकला, तर कालची योग्य मात्रा आज जड होऊं शकते. हात फार थरथरणें, तोल जाणें, उलट्या, झापड ही धोक्याचीं चिन्हें. तीं दिसतांच डॉक्टर गांठावा.

मनावरील इतर औषधांचेंही असेंच आहे. कांहींनीं वजन व रक्तांतील साखर वाढते, कांहींनीं हृदयाची लय बदलते. म्हणून भिऊन गोळी एकाएकीं सोडणें हा उपाय नव्हे. त्यानें मूळ रोग उसळून येण्याचें भय असतें. हृदय वा मूत्रपिंड दुबळें आहे एवढ्यावरून मनाचे उपचार नाकारणें हेंही योग्य नव्हे. औषध जपून निवडावें, मात्रा थोडी असावी, ती हळूहळू वाढवावी आणि तपासणी चुकवूं नये, हाच राजमार्ग.

तेव्हां घरांतील रोग्याच्या सर्व औषधांची एकच यादी करा. त्यांत काढे व झाडपाल्याचीं औषधेंही लिहा. सर्पगंधा ही मुळीच होती, हें विसरूं नका. आणि डॉक्टर कोणताही असो, ती यादी त्याच्या हातीं प्रथम द्या.