नवस आणि शब्द

आमच्या राजूरच्या गणपतीला अंगारकी चतुर्थीच्या दिवशी केवढी गर्दी असते हे जालन्याकडच्या वाचकांना सांगायला नको. त्यात नवस फेडायला आलेले पुष्कळ असतात. देवाला बोललेले फेडायचे असते, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. माणसांना दिलेल्या शब्दाचे मात्र तसे नाही! म्हणून आज रँग्लर परांजप्यांविषयी चार ओळी लिहितो.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीचे. महर्षी कर्व्यांच्या नात्यातले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. (हा मान एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळाला होता.) सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. साऱ्या हिंदुस्थानात नाव झाले. सरकारी शिक्षणखात्यात भल्या पगाराची जागा त्यांना सहज मिळाली असती.

पण विलायतेला जाण्याआधीच त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिलेला होता. १८८४ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे आजीव सदस्य वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा करीत. पगार महिना पंचाहत्तर रुपयांच्या आसपास. परांजपे परत आले, त्याच पगारावर रुजू झाले आणि १९०२ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. शब्द दिला तेव्हा ते एक हुशार विद्यार्थी होते, पाळायची वेळ आली तेव्हा सीनियर रँग्लर! मला मोठेपणा वाटतो तो इथे. गंमत म्हणजे परांजपे पक्के बुद्धिवादी, देवधर्म न मानणारे. नवसाचा, देवाच्या कोपाचा धाक त्यांना नव्हताच.

याच प्रतिज्ञेपायी लोकमान्य टिळकांनी १८९० साली ही संस्था सोडली, तेही विसरू नये. आजीव सदस्याने आपला सगळा वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची मिळकत करू नये, असे त्यांचे म्हणणे. इतरांना ते मान्य होईना. आम्ही मास्तर मंडळी यावर तासन् तास वाद घालत असू. माझे मत विचाराल तर टिळकांनी शब्द मोडला नाही. शब्दाचा अर्थ पातळ झालेला त्यांना सोसला नाही. गोखल्यांना तो तसा झालेला वाटला नाही. ते राहिले, आणि मुदत भरत आल्यावर १९०२ साली निवृत्त झाले. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिकच.

असो. मध्यंतरी बरीच वर्षे, खेड्यात सेवा करीन असे लिहून देणारे डॉक्टर दंड भरून मोकळे होत. आमच्या भागातल्या एका गावात असाच एक तरुण डॉक्टर आला होता. चार महिन्यांत पैसे भरून शहरात गेला. कागदोपत्री त्याचे काहीच चुकले नाही. गावातल्या बायाबापड्या मात्र पुढे कितीतरी दिवस पोरांना कडेवर घेऊन दवाखान्यापर्यंत येत आणि कुलूप पाहून परत जात.